अण्णांची वरची ओळ

मंगळवार, १८ जून

सकाळी ऑफिस उघडलं, झाडून घेतलं. दोन फोन आले, दोन्ही चुकून लागलेले. दुपारी डबा खाल्ला. वीज गेली आणि थोड्या वेळाने आली. मग हे पत्र लिहायला बसलो.

तीर्थरूप वहिनी,

धाकट्या दिराचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? लेकीकडची हवा मानवते ना? जावई अजून टीव्ही तेवढ्याच मोठ्याने लावतात का? मी बरा आहे. स्वयंपाक स्वतःच करतो (त्यामुळे जेवण आपोआप बेतात राहतं).

परवा तुमचा फोन आला तेव्हा मी नुसतं 'हो, हो' केलं. फोनवर मला बोलायला सुचत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून लिहून कळवतो. तुम्ही भाजी घेत होतात आणि मोबाइल वाजला. दंतवैद्य बाईंच्या दवाखान्याचा निरोप होता: 'दात तपासायची वेळ झाली आहे. अवश्य या. आपला, अण्णा.' अण्णांना जाऊन तीन महिने झाले आणि हा असा निरोप! तुम्ही म्हणालात, "भाऊजी, कुठे या म्हणतायत हे?" मला हसावं की काय करावं ते कळेना. मग तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "तेवढं नाव काढून टाका. टोमॅटो तिथेच टाकून घरी आले मी." हे अगदी रास्त आहे. त्याचं पुढे काय झालं ते सांगतो.

दवाखान्याचा कॉम्प्युटरचा प्रोग्राम अण्णांनी आणि मी केला तेव्हा बाईंचा फोन नंबर फाईलमध्ये जागोजागी लिहिला होता. पुढे नंबर बदलला. आम्ही सगळीकडे दुरुस्ती केली, पण एक जागा राहिली. पुढे वर्षभर दाढ दुखणारी माणसं एका शिंप्याला फोन करत होती. (माणूस सज्जन. "दात नाही हो, बटण तुटलं असेल तर या," असं प्रत्येकाला सांगायचा.) तेव्हापासून अण्णांनी नियम केला की एक गोष्ट एकदाच लिहायची. सेटिंगच्या फाईलमध्ये अगदी वर एक ओळ ठेवायची, आणि खाली जिथे जिथे ती गोष्ट लागेल तिथे नुसती खूण करायची. प्रोग्राम चालू झाला की वरचा शब्द प्रत्येक खुणेच्या जागी जाऊन बसतो. बदल करायचा तर वर एकदाच. याला व्हेरिएबल म्हणतात. मी चुकून काही दुसऱ्यांदा लिहिलं की ते पलीकडच्या टेबलावरून ओरडायचे, "पुन्हा लिहिलंस? बोटं जास्त झाली आहेत का तुझी?"

हा नियम त्यांनी तुमच्या स्वयंपाकघरातही आणला होता, आठवतं? फळीवर एका डब्याखाली 'साखर' लिहिलं, दुसऱ्याखाली 'साखरेच्या उजवीकडचा', तिसऱ्याखाली 'त्याच्याही उजवीकडचा'. तुम्ही फळी धुवायला डबे खाली काढले आणि उलटे लावलेत. पाहुण्यांनी मिठाचा चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि वर "छान झालाय" म्हणाले. अण्णा तुम्हालाच म्हणाले, "फळी बरोबर आहे, डबे चुकले." तुम्ही आठवडाभर त्यांना चहा दिला नाहीत. मी मात्र रोज पीत होतो, आणि ते माझ्या कपाकडे बघत बसायचे.

तर त्या फाईलच्या वरच्या ओळीत त्यांनी प्रोग्राम तपासण्यापुरतं स्वतःचं नाव घातलं होतं. पण निरोपाखाली 'आपला, अण्णा' दिसल्यावर रुग्ण वेळेवर येऊ लागले. कोणीतरी वडीलधारं माणूस बोलावतंय असं त्यांना वाटायचं. एक आजोबा तर दर वेळी दारात विचारायचे, "अण्णा आत आहेत का?" बाई म्हणाल्या, राहू द्या नाव. ते राहिलं.

काल मी ते नाव पुसून तिथे दवाखान्याचं नाव घातलं. निरोप छान झाला. पण अण्णांनी तीच खूण दवाखान्याच्या प्रिंटरच्या आणि दातांचे फोटो ठेवायच्या जागेच्या नावालाही वापरलेली. (एकदा लिहिलेली गोष्ट वाया जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा दुसरा नियम.) प्रिंटर सापडेना. फोटोंची जागा रिकामी. बाईंचा फोन आला, "अहो, खुर्चीत माणूस आ वासून बसलाय आणि तुमचा प्रोग्राम म्हणतो याला दातच नाहीत!" सगळ्या रुग्णांच्या तोंडाचं एका दमात बोळकं झालं होतं. मी घाईघाईने अण्णांचं नाव परत घातलं तेव्हा सगळ्यांचे दात परत आले. बाई म्हणाल्या, "आले बाई एकदाचे." मग म्हणाल्या, "अण्णा असते तर..." आणि फोन ठेवला.

सारांश, वहिनी, नाव काढणं तांत्रिकदृष्ट्या फार अवघड आहे. क्षमस्व. गुडघ्याला जपा. लेकीला आशीर्वाद.

आपला,
धाकटा दीर

ता. क. वर लिहिलेलं शेवटचं खरं नाही. प्रिंटर आणि फोटो यांना मी काल संध्याकाळीच वेगळ्या ओळी दिल्या. आता नाव काढणं म्हणजे एक शब्द पुसणं आहे, आणि अडचण तीच आहे. एका जागी पुसलं की सगळीकडून जातं. मी तो पुसला आणि परत लिहिला. असं बरेचदा केलं. शेवटी फक्त तुमच्यासाठी एक वेगळी ओळ लिहिली. तुम्हाला यापुढे येणाऱ्या निरोपाखाली कोणाचंच नाव नसेल. हे अण्णांच्या नियमाविरुद्ध आहे, ते ओरडले असते. बाकीच्यांच्या निरोपाखाली त्यांचं नाव राहू द्याल का? तुम्ही नको म्हणालात तर लगेच काढीन, कारण विचारणार नाही.

ता. क. दुसरं. माझे दात चांगले आहेत, त्यामुळे मला कधी निरोप येत नसे. आज सकाळी मी बाईंकडे रुग्ण म्हणून नाव नोंदवलं. बाईंनी उद्याची वेळ दिली. निरोप आत्ताच आला, खाली 'आपला, अण्णा'. दोनदा वाचला. आता मोरीत जाऊन दात घासतो.