सहावा रकाना

हुबळी
४ ऑगस्ट १९९७

ती. अक्का यांस भरमाचा जय भीम. वि. वि.

दाजींच्या गुडघ्याची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. इकडे माझा पारा चढलाय, ते ऐक.

धारवाडात सुभाष रोडवर, एका कापडदुकानाच्या माडीवर, ऑर्गन वाजवणाऱ्यांचा आणि समूहगान बसवणाऱ्यांचा एक संघ आहे. चर्चमध्ये वाजवणारे, नाटकाला साथ करणारे, शाळांतून गाणी बसवणारे, सगळे त्यात. दर डिसेंबरात त्यांचं संमेलन होतं आणि तिथे फक्त सभासदाच्या वृंदाला गाता येतं. आमच्या चाळीतल्या सतरा बायका दोन वर्षं झाली, कामावरून आल्या की माझ्याकडे गायला बसतात, हे तुला ठाऊक आहेच. दोन सुरांत गातात अक्का! नऊजणी वरचा सूर, आठजणी खालचा, आणि एकीचा पाय दुसरीच्या सुरात घसरत नाही. त्यांना एकदा खऱ्या मंचावर उभं करायचं म्हणून मी संघाचा अर्ज भरला.

अर्ज परत आला. कारण काय, तर सहावा रकाना. गुरूचे नाव. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, कोणी नाही, स्वतः शिकलो. संघाचे चिटणीस सुधींद्रराव हुकेरीकर यांनी त्याखाली लाल रेघ ओढून ‘अपूर्ण’ असा शेरा मारला. अपूर्ण! रेल्वे वर्कशॉपच्या सुतारखात्यात नव्या पोरांना काम कसं नोंदवावं ते दाखवायला माझी वही काढतात, आणि हा माडीवरचा माणूस मला अपूर्ण म्हणतो.

तूच सांग. रेल्वे इन्स्टिट्यूटने भंगारात काढलेली पायपेटी मी ७९ साली घरी आणली. एकसष्ट पट्ट्या, त्यांतल्या तेवीस मुक्या. कमरीपेठेतून मऊ कातडं आणून भात्याला लावलं, सुरांच्या काळवंडलेल्या पितळी जिभा एकेक काढून घासल्या. पेटी बोलायला लागली त्याच संध्याकाळी मी तिच्यावर अख्खं गाणं वाजवलं. बोटं आपोआप पडली. मग कोणाचं नाव लिहू? शेजारचा शंकर म्हणतो, कुणातरी मेलेल्या बुवांचं नाव ठोकून दे, ते काय उठून नाही म्हणायला येणार आहेत? त्याला मी चहा न देताच वाटेला लावलं.

कळावे. माझा राग त्यांच्यावर आणि तुझा लोभ माझ्यावर, दोन्ही टिकून राहावेत.

तुझा
भरमा


अळणावर
१२ ऑगस्ट १९९७

चि. भरमास भीमाअक्काचे अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

पत्र पोचलं. दाजींना वाचून दाखवताना अर्धं गाळलं, नाहीतर त्यांचा गुडघा परत सुजला असता. शंकरला चहा द्यायचा होतास रे, माणूस तुझ्या भल्याचंच बोलत होता. तुमच्या चाळीतल्या पार्वतीचा आवाज वर गेला की फाटायचा, तो आता कसा लागतो ते लिही. बायकांना एवढं शिकवलंस, ऐकून ऊर भरून आला.

बाकी तू कोणाकडे शिकला नाहीस असं म्हणतोस, तर तसंच असेल. तुला पहिल्यापासून सगळं आपोआपच येतं. चालायला आपोआप, जेवायला आपोआप, नाक पुसायला तेवढं आपोआप आलं नाही. आम्ही आपले बघत होतो.

इथे पाऊस धरूनच आहे, लाकडं पेटत नाहीत. भाकरी टाकायच्या राहिल्यात, म्हणून आटोपते. लोभ असू दे.

तुझी
अक्का


हुबळी
१० सप्टेंबर १९९७

ती. अक्का यांस जय भीम. वि. वि.

पार्वतीचा आवाज आता फाटत नाही. तिला मी वरच्या सुरातून खालच्यात आणलं. एवढी एकच चांगली बातमी आहे.

मी धारवाडला स्वतः गेलो. हुकेरीकरांनी नियम, नियम म्हणून दोनदा ऐकवलं, तेव्हा म्हटलं, नियमावली दाखवा. तिथेच उभ्या उभ्या वाचली. नियम अकरा, पोटनियम दोन. ज्याला गुरू नाही त्याने वाजवून परीक्षा द्यावी. छापणाऱ्यांनीच वाचलेलं नाही! गेल्या रविवारी, सात तारखेला, परीक्षा झाली. परीक्षक श्यामलाबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या संगीताच्या बाई, वय सत्तरीचं. मी तीन गाणी वाजवली. एक सूर चुकला नाही, हे मी नाही, त्या म्हणाल्या.

मग त्यांनी तिसरं गाणं पुन्हा सावकाश वाजवायला लावलं आणि खुर्ची ओढून माझ्या उजव्या हाताशी बसल्या. विचारलं, करंगळीशेजारच्या बोटाला कधी इजा झाली होती का? मी बोट वाकवून, ताणून दाखवलं. धडधाकट. तर म्हणाल्या, मग ते वाजवत का नाही? जिथे त्याचं काम आहे तिथे तुम्ही मधलं बोट सरकवता आणि हे अधांतरी, जरा आखडून धरता. स्वतः शिकणारा धड बोट वाया घालवत नाही. ही लकब कुणाच्या तरी हातावरून उचललेली आहे. बाई शांतपणे बोलल्या, त्यांच्यावर माझा राग नाही. पण हुकेरीकर हसले आणि अर्जावर लिहिलं, ‘गुरूचे नाव दडवले.’

दडवले! अक्का, मी खोटारडा? महिनाभरात खुलासा द्या म्हणतात, नाहीतर अर्ज रद्द. म्हणून तुला एक काम सांगतो. माझं लहानपण पाहिलेलं आता तूच एक आहेस. या कागदावर दोन ओळी लिहून सही कर, की भरमाला वाजवायला कोणीही शिकवलेलं नाही. तारीख घालायला विसरू नको.

कळावे. उत्तरात उशीर नसावा आणि जिव्हाळ्यात उणीव नसावी.

तुझा
भरमा


अळणावर
१६ सप्टेंबर १९९७

चि. भरमास आशीर्वाद.

साक्ष मागतोस, ती घे.

मी चौदा वर्षांची होते, तू सात. रेल्वेच्या गार्डसाहेबांच्या बंगल्यावर मी भांडी घासायला जायची. त्यांच्या मडमेकडे, रोझारियोबाईंकडे, पायपेटी होती. पुसता पुसता एक दिवस मी पट्टी दाबली आणि मागे वळते तर मडम दारात. वाटलं, गेलं काम. तिने स्टूल पुढे सरकवलं. त्यानंतर दोन वर्षं, भांडी झाली की रोज अर्धा तास. माझं उजव्या हाताचं एक बोट आधणाच्या पाण्याने भाजून आखडलेलं, ते अजून सरळ होत नाही. कोणतं बोट, ते आता तुला सांगायला नको. ती म्हणाली, राहू दे त्याला, चारांनी वाजव, गाणं जिथे ते बोट मागेल तिथे मधलं सरकव. तशी शिकले.

संध्याकाळी घरी येऊन आप्पांच्या पाटावर कोळशाने पट्ट्या काढायची. तुला मांडीवर घेऊन तुझी बोटं धरून दाबायची आणि तोंडाने सूर म्हणायची. पाटाला आवाज नव्हता, म्हणून तुला तो खेळ वाटला. माझ्या हाताकडे बघून तूही ते बोट आखडायचास. मी हसायची. तेव्हाच चापटी मारायला हवी होती.

मग लग्न करून मी इथे आले आणि मडम आस्ट्रेलियाला गेली. अळणावरात मला पेटी कोण देणार? लाकडं वाहिली, पोरं वाढवली. तू पेटी दुरुस्त केलीस तेव्हा मीच आधी पेढे वाटले. तुझ्या घरी पाहुण्यांसमोर तू ‘आपोआप’ म्हणायचास तेव्हा त्यांना चहा मी देत होते, भरमा. एकदा नाही, दहादा. म्हटलं, जाऊ दे, भाऊ आहे, मोठा होतोय. पण त्या खोट्यावर आता माझीच सही हवी? वर तारीख पण घालू?

कागद कोराच परत पाठवते आहे.

अक्का


हुबळी
१ ऑक्टोबर १९९७

ती. अक्का यांस जय भीम.

तुझ्या पत्राला मी चार पानी उत्तर लिहिलं होतं. ते फाडलं.

एक चूक दाखवतो. तो आप्पांचा पाट नव्हता. रेल्वेच्या डब्यातल्या बाकाची सागवानी फळी होती, एका कोपऱ्यात बोल्टचं भोक. त्या भोकात मी अंगठा घालायचो आणि तू ओरडायचीस. त्या चार पानांत हे लिहिता लिहिता लक्षात आलं, की मला भोक आठवतं, तू ओरडलेलं आठवतं, म्हणजे सगळंच आठवतं.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात फरशीवर खडूने पट्ट्या काढल्या आणि वाजवून पाहिलं. आवाज नाही काही नाही, आणि बोट उचललेलं. माया भाजी चिरत होती. तिने विचारलं, अहो, काय झालं? मी तिला ते उचललेलं बोट दाखवलं. आवरून ठेवा फरशी, एवढं ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नवा अर्ज भरला. सहाव्या रकान्यात लिहिलं : श्रीमती भीमाबाई आनंदा मेत्री, अळणावर, नात्याने थोरली बहीण. स्वतः नेऊन दिला. हुकेरीकरांनी विचारलं, या कोणत्या संस्थेच्या, कोणती परीक्षा झालेल्या? मी म्हटलं, इयत्ता चौथी, आणि शिकल्या त्या भांडी घासायला जात होत्या तिथे. तर हा गृहस्थ म्हणतो, हे घरातलं झालं हो, याला गुरू म्हणत नाहीत. घरातलं! याच्या घरी वडिलांनी शिकवलं तर ती परंपरा होते, आणि आमच्या घरी बहिणीने शिकवलं की ते घरातलं! मी आवाज चढवला. कानडीत चढवला, म्हणजे खालच्या कापडवाल्यालाही समजावं. श्यामलाबाई मध्ये पडल्या, म्हणून अर्ज ठेवून घेतला.

मला माफी मागायची सवय नाही. मागितली असं समज.

कळावे. पूर्वीइतका नाही तरी थोडा लोभ ठेव.

भरमा


हुबळी
१८ नोव्हेंबर १९९७

ती. अक्का यांस सविनय जय भीम. वि. वि.

दीड महिना झाला, तुझी एक ओळ नाही. दाजींची खुशाली सांगणारं कार्डही नाही. ‘समज’ म्हटलेलं तुला चाललं नाही, हे कळलं. म्हणून नीट लिहितो. अक्का, तू मला शिकवलंस आणि मी ते अठरा वर्षं गिळून बसलो. माझी चूक झाली. माफ कर.

आता पुढचं. काल संघाचं कार्ड आलं. सभासद क्रमांक दोनशे सात. नाव बरोबर, पत्ता बरोबर, वृंदाला एकवीस डिसेंबरच्या संमेलनात सहावी पाळी. आणि माझ्या नावापुढे छापलंय, ‘स्वशिक्षित’.

ऑगस्टात हेच छापा म्हणून भांडलो तेव्हा अपूर्ण, सप्टेंबरात दडवले, आणि आता खरं नाव लेखी दिलं तर स्वशिक्षित! श्यामलाबाईंनी वेगळी चिठ्ठी जोडली आहे. संघाच्या यादीत गुरू म्हणून फक्त सभासदाचं नाव छापतात, म्हणून समितीने हा तोडगा काढला. त्यांनी एकट्यांनी विरोध केला.

असलं खोटं कार्ड मी खिशात बाळगणार नाही. येत्या सोमवारी रजिस्टर पोस्टाने परत पाठवतो. सोबत तीन पानांचं पत्र तयार आहे, त्यात नियमावलीतल्या छपाईच्या अकरा चुकाही दाखवल्यात. संमेलन गेलं तर जाऊ दे. चाळीतल्या बायकांना अजून बोललो नाही.

कळावे. राग धरलास तरी पत्र पाठवत जा.

तुझा
भरमा


अळणावर
२० नोव्हेंबर १९९७

चि. भरमास अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

माफी पोचली. ठेवून घेतली.

कार्ड पाठवायचं नाही. ते तुझ्या एकट्याचं नाही. सतराजणी दिवसभर राबून तुझ्या दारात उभ्या राहिल्या, त्यांना न विचारता तू संमेलन सोडून मोकळा? माझं नाव गिळताना विचारलं नाहीस, आता माझ्या नावासाठी त्यांचं गाणं बुडवतोस, तेही न विचारता. एकवीस तारखेला त्यांना घेऊन जा आणि सहाव्या पाळीला गाऊ दे. तीन पानी पत्र चुलीत घाल. अकरा चुकांचा कागद हवा तर ठेव, तुझं मन रमेल.

सभासद नसलेल्याचं नाव छापत नाहीत ना? मग एक कोरा अर्ज मला पाठव. माझ्या हाताने भरीन. गुरूच्या रकान्यात मडमेचं नाव, आणि व्यवसायाच्या रकान्यात जे केलं ते. वाजवून दाखवायला मी येईन. चाळीस वर्षं पट्टीला हात नाही, म्हणून पौर्णिमा झाली की तुझ्याकडे मुक्कामाला येते. माझ्या शेजारी बसून शिकवायला जाऊ नकोस. दाजी इथे खिचडी करून खातील, त्यांना सांगून झालंय.

आणि त्या चिटणिसाने माझा अर्ज परत केला, तर तू धारवाडला पळायचं नाहीस. या वेळी चिडणार ती मी.

मायाला आशीर्वाद. सर्वांवर माझा जीव आहे, तुझ्यावरही.

तुझी अक्का
भीमाबाई