न उतरता रुआबांधा

१४ नोव्हेंबर १९५८, शुक्रवार

कमलिनीला नोकरी लागली! रुआबांध्याच्या पत्र्याच्या शाळेत, पहिलीच्या वर्गावर. सोमवारी, एक डिसेंबरला, साडेदहाच्या ठोक्याला हजर व्हायचं. तिचं मास्तरकीचं सर्टिफिकेट लग्नापासून ट्रंकेत माझ्या धोतरांखाली झोपलेलं होतं. ते उठलं. घरात आता एकटे तुम्हीच झोपलेले, असं तिचं मत.

हेडमास्तर पंजाबराव स्पष्टवक्ते. "येण्याजाण्याचं तुमचं तुम्ही पाहा, बाई. पहिल्याच दिवशी उशीर झाला तर दुसरी बाई तयार आहे."

आम्ही राहतो त्या भिलाईच्या सेक्टर २ पासून पायी जायचं तर अर्धी सकाळ वाटेतच जाते. बस नाही. मी उदार होऊन म्हटलं, "माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बस, सोडून देत जाईन."

"रोज पोतं होऊन जायचं नाही मला."

विषय संपला. काल भाऊबीजेला तिच्या भावाने, विजयकुमारने, ओवाळणीत जुनी लेडीज सायकल दिली. तो नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणीवर असतो. हे क्वार्टर त्याचंच, आम्ही राखण करतो. बहीण-भावाचं आधीच ठरलेलं दिसतंय. वार्ताहराच्या घरातली बातमी वार्ताहराला शेवटी कळते!

१७ नोव्हेंबर

गल्लीत शिक्षण जोरात. शेजारच्या बेबीताई मागून सीट धरून पळतात. भंडाऱ्याकडच्या, नवरा पोलादाच्या प्लांटात खलाशी, म्हणजे अवजड यंत्रं दोराने चढवणारा. "वहिनी, खाली पाहू नका! समोर पाहा! मी धरून राहिली न!" — आणि सीट कधीचीच सोडून दिलेली असते. कमलिनी दोनदा पडली, दोन्ही वेळा माझ्याकडे रागाने पाहिलं. मी ओट्यावर चहा पीत होतो, एवढाच माझा अपराध.

२० नोव्हेंबर

चालवता येते! पण एक अडचण. चढायला तिला ओटा लागतो. ओट्यावर उभं राहून सीटवर बसते, बेबीताई ढकलतात, की सुटली. सपाट जमिनीवरून काही केल्या चढता येत नाही. म्हणजे वाटेत एकदा उतरली की संपलं.

"घरी ओटा आहे, शाळेलाही पायरी आहे," ती म्हणाली. "मधे उतरावं लागणार नाही अशी वाट शोधा. सगळ्या भिलाईच्या बातम्या आणता, एवढी आणा."

नागपूरच्या दैनिकाचा भिलाईचा खास वार्ताहर नरहरी आता आपल्याच घरी नेमला गेला आहे.

२१ नोव्हेंबर

मोठा रस्ता पाहिला. बाद. डंपरमागे डंपर. धूळ अशी की पुढचं चाक आहे की नाही, हे श्रद्धेवर सोडावं लागतं. दर थोड्या वेळाने बाजूला उतरावं लागतं.

मधला माळ त्याहून वाईट. पावसाळ्यात ट्रकांनी केलेल्या चाकोऱ्या वाळून दगड झाल्यात. पाठशाळेत गुरुजींनी वाटेची डझनभर नावं घोकून घेतली होती — अध्वा, सरणी, पदवी, एकपदी. भिलाईची वाट एकाही नावाला ओ देत नाही. सकाळी असते, दुपारी नसते. जिथे काल नाला होता तिथे आज भिंत आणि भिंतीवर वाळत घातलेलं लुगडं!

२२ नोव्हेंबर

सापडली! सेक्टरच्या मागून थेट रुआबांध्याच्या दिशेला. झुडपं तोडलेली, जमीन सारखी केलेली, आणि मधोमध पांढऱ्या चुन्याची रेघ. सायकलवाल्यांसाठी कुणी मुद्दाम आखल्यासारखी! रेघेवर चाक ठेवून गेलो, एकदाही पाय टेकला नाही. येताना गुणगुणत आलो. कमलिनी म्हणाली, "वाट सापडली वाटतं. नाहीतर तुम्ही गात नाही."

२५ नोव्हेंबर

तिला दाखवायला घेऊन गेलो. रेघेच्या जागी खंदक. पुरुषभर खोल. आत माणसं पाइप बसवत होती.

कमलिनी आल्या पावली घराकडे वळली. ते फार वाईट.

ओट्यावर बेबीताई मात्र पदर तोंडाशी धरून हसत होत्या. "भाऊजी, तुमी त्या चुन्यावरून कावून सायकल चालवून राहिले होते? चुना टाकला म्हणजे खोदणार न! आमाले वाटलं, पेपरवाल्याले ठाऊक असन."

भिलाईत येऊन दोन वर्षं झाली. आराखड्यांवर अग्रलेखाएवढे लेख लिहिले. आखणी कशी दिसते ते पाहिलं नव्हतं.

संपादकांची तार: भट्टीचं काय? प्लांटची पहिली भट्टी पेटेल तेव्हा पेटेल. इथे सोमवार आलाय.

२७ नोव्हेंबर

तळ्याच्या कडेने जुनी गाडवाट आहे. गावाची, प्लांटच्या आधीची. दोन बाजूंना बैलगाडीच्या चाकोऱ्या, मधे गवताचा उंचवटा. चाकोरीत चाक गेलं की अडकतं. मधल्या उंचवट्यावरून गेलं की मऊ. एका ठिकाणी मुरमाचा उतार — ब्रेक आधीच दाबायचा. बाभळीखाली काटे — डावीकडून.

चुना कुठेही नाही. दोनदा पाहिलं. वाकून पाहिलं.

२८ नोव्हेंबर

दोघं गेलो. ती पुढे, मी मागे. मी ओरडत होतो — उतार! काटे! डावीकडे! तळ्याजवळ ती म्हणाली, "जरा गप्प बसाल? मला ऐकू येतंय सगळं, फक्त रस्ता दिसेनासा होतो."

गप्प बसलो. तळ्यावर बगळे होते. तिची पाठ ताठ, पदर खोचलेला. इतक्या वर्षांत तिला मागून इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं; नेहमी मी पुढे चालत असे.

शाळेच्या पायरीपर्यंत — न उतरता! पायरीवर पाय टेकून ती मागे वळली आणि हसली. बस्स.

२९ नोव्हेंबर

गाडवाटेवर चुना. आडवी रेघ.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी सायकलवर पाहायला गेलो. वेळ न दवडता खंदक खणलाय. रविवारीसुद्धा! वळसा घालायला जागा आहे का, हे उजवीकडे पाहत पाहत सायकल चालवत होतो, आणि डावीकडे गेलो. आत.

चार जणांनी वर काढलं. उजवा घोटा सुजून नारळ. सायकलच्या पुढच्या चाकाचा पापड. बेबीताईंनी हळद-चुन्याचा लेप थापला. चुन्यानेच पाडलं, आता चुनाच पायावर.

उद्या तिला सोबत करणारा मी खाटेवर. वाट तुटलेली. मी म्हटलं, "पंजाबरावांना चिठ्ठी पाठवतो. चार दिवस मागतो."

"दुसरी बाई तयार आहे," कमलिनी म्हणाली. आणि उद्याचं लुगडं काढून ठेवलं.

१ डिसेंबर, सोमवार

नऊला ओट्यावरून सुटली. बेबीताईंनी ढकललं. वळणावर हात करायला मागे पाहिलं नाही. समोर पाहा, असंच शिकवलंय तिला.

दिवसभर खाटेवर. खंदकापाशी ती उभी आहे, शेजारी सायकल, आणि चढता येत नाही — हे एकच चित्र. निरोप आणणारं कुणी नाही, फोन नाही. दोनदा लंगडत ओट्यापर्यंत गेलो. बेबीताई म्हणाल्या, "बसा न गुमान, भाऊजी. गेली ती."

ऊन कलल्यावर आली. धुळीने भुवया पांढऱ्या.

"पोचलीस?"

"घंटेच्या आधी."

"आणि खंदक?"

"उतरले. फळी होती, तिच्यावरून सायकल ढकलत नेली."

"मग चढलीस कशी?"

तिने माझ्याकडे पहिलीच्या पोराकडे पाहावं तसं पाहिलं. "अहो, खड्डा खणला की माती कुठे टाकतात? ढिगारा होता न शेजारी, आपल्या ओट्याएवढा. काम करणाऱ्या दोन बायांनी सायकल धरली. 'चघ जा बाई, हमन धरे हन.' चढ, आम्ही धरलंय म्हणे. चढले की मी."

मी तो खंदक सर्वांत जवळून पाहिलेला माणूस. आत पडून पाहिला. ढिगारा दिसला नाही.

"आता खणू देत कुठे खणायचं ते," ती म्हणाली, आणि चहा मागितला. मागितला! बेबीताई हसत सुटल्या. मी लंगडत स्टोव्ह पेटवला.

३ डिसेंबर, बुधवार

भट्टीवरचा लेख आज पोस्टात पडायलाच हवा होता. पाय टेकवत नाही, चाक दुरुस्तीला. कमलिनी ओट्याशी सायकल धरून उभी. "बसा मागे. पोस्ट माझ्या वाटेवरच आहे."

अख्खी गल्ली बाहेर.

बसलो. "गच्च धरा," ती म्हणाली, "आणि रस्ता सांगू नका."

हे पोस्टाच्या पायरीवर बसून लिहितोय. शाळा सुटली की न्यायला येणार आहे.