चार चाकांना तीन हात

दि. ४ फेब्रुवारी

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हांला फोनवर ऐकू येत नाही हे एका परीने बरं, कारण ही गोष्ट मला बोलून सांगता आली नसती. दाजी कामासाठी तेवीस दिवस बाहेरगावी गेले आहेत. माझं लायसन्स होऊन वर्ष झालं, पण गाडीची किल्ली त्यांनी या खेपेस पहिल्यांदा दिली. बॅटरी उतरू नये म्हणून दर दोन दिवसांनी एक फेरी मारून आण, असं सांगितलं. दुसऱ्याच फेरीत बेकरीच्या कोपऱ्यावर पुढचं डावं चाक फुटपाथच्या कडेला घासलं. अलॉय चाक आहे. ओरखडा साडेआठ इंचांचा आहे, पट्टी लावून तीनदा मोजला.

ताईला सांगितलेलं नाही. गाडी मागच्या शेडमध्ये असते, तिकडे तिचं जाणं होत नाही. दाजी बावीसला येणार आणि चोवीसला ते, ताई आणि त्यांची छोटी ठकी तीनशे किलोमीटरवर दाजींच्या आईकडे गाडीनेच जाणार. गाडी नीट सांभाळलीस तर पुढेही चालवायला देईन, असं ते म्हणाले होते. तुम्ही तीस वर्षं गाड्या रंगवल्यात. चाक घरच्या घरी पूर्ववत करता येईल का, ते क्रमवार कळवावे.

आपला आज्ञाधारक
पुतण्या


दि. ८ फेब्रुवारी

चि. बारीकरावास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. ओरखडा इंचात कळवलास, गाडीचा वेग तेवढा लिहायचा राहिला. असो.

आधी ताईला सांग आणि मग चाकाला हात लाव. तू सांगणार नाहीस हे ठाऊक आहे, म्हणून पुढचं लिहितो. चाक काढून साबणाने धू. फाटलेली कड कानशीने हलकेच मोड, खड्डा पुट्टीने भर. वाळली की पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घास, डोळे मिटून बोट फिरवलं तर जोड कळता कामा नये. टायर आणि चाकाच्या फटीत पत्त्यांची पानं गोल खोचून घे, म्हणजे टायर रंगत नाही. मग प्रायमर, रंग आणि वरून लॅकर. प्रत्येकाचे तीन हात, तेही पातळ. काम उन्हं तापल्यावर करायचं, गारठ्यात रंग रुसतो.

नीट जेवतोस ना, असं काकू विचारते. वाळायचं काम रंगाचं आहे, तू वाळू नकोस.

आशीर्वाद आहेतच.
काका


दि. १७ फेब्रुवारी

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

चाक झालं. पण ते इतकं चांगलं झालं की बाकीची तीन त्याच्यापुढे आजारी दिसू लागली. दाजींच्या डोळ्यांत पहिलं तेच भरलं असतं. म्हणून चारही केली. गाडी धुतोय असं ताईला सांगितलं. ते खोटं नाही, धुतलीसुद्धा. परवा पत्ते खेळायला बसलो तर प्रत्येक पानाची कड रुपेरी. हे कुणी सजवले, असं ठकीने विचारलं आणि मी पाणी प्यायला उठलो.

कुठेही हयगय केलेली नाही. नट बसतात त्या खळग्या, चाकाची गाडीला टेकणारी मागची बाजू, सगळीकडे तीन तीन हात दिले. उघडा धातू कणभर ठेवला नाही. मग पान्यावर उभं राहून नट आवळले आणि दोन फेऱ्या मारून आलो. तुम्ही पाहायला हवं होतं.

लोभ वाढत राहावा.
पुतण्या


दि. २० फेब्रुवारी

चि. बारीकरावास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. एक चूक झाली आहे आणि ती माझी आहे. सगळ्यांना ठाऊकच असतं असं धरून मी सांगायचं सोडलं. खळग्या आणि टेकणारी बाजू कोरी ठेवायची असते. तिथे रंगाचा थर असला की गाडी धावताना तो दबतो आणि आवळलेला नट सैल पडतो. दुसऱ्या कुणी कंटाळून ती जागा सोडून दिली असती आणि त्याचं बरोबर ठरलं असतं. तू पडलास बारीकराव.

तिथला रंग खरवडल्याशिवाय गाडी निघता कामा नये. तेवीसच्या संध्याकाळपर्यंत तुझा निरोप आला नाही, तर शेजारच्या शिंप्याकडून ताईला फोन करवीन. पण त्यांना तुझ्या तोंडून कळलेलं मला आवडेल.

काका


दि. २४ फेब्रुवारी

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

शिंप्यांकडे पाठवलेला निरोप पोचलाच असेल. आता सविस्तर.

तुमचं पत्र काल दुपारी आलं. बॅगा दारात होत्या. दाजी चाकांकडे बघत ताईला म्हणत होते की याने गाडी काय लखलखीत ठेवली आहे, आता एक किल्ली याच्याकडेच राहू दे. पत्र माझ्या खिशात होतं. मला ते दोन मिनिटं विसरून जावंसं वाटलं. तेवढ्यात ठकी आपली उशी मागच्या सीटवर ठेवून आली. मग मी ओरखड्यापासून सगळं सांगितलं.

ताई म्हणाली, तरीच बदामाची राणी लांबून चमकत होती. दाजींनी तुमचं पत्र मागून घेऊन दोनदा वाचलं आणि पाना आणला. डाव्या पुढच्या चाकाचे दोन नट जोर न लावता फिरले. त्यांनी एकदा ठकीच्या उशीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग बाही सारून ते खरवडायला बसले आणि मी दुसऱ्या चाकाशी. दिवस मावळायच्या आत सोळाही खळग्या कोऱ्या झाल्या आणि मागच्या बाजूही. किल्लीचा विषय त्यांनी काढला नाही. मी कशाला काढीन?

मी घरीच राहणार होतो. सकाळी दाजी म्हणाले, गाडीत बस, दर पन्नास किलोमीटरला नट तपासायचे आहेत आणि ते तूच तपासायचेस. तीन थांबे झाले, एकही नट हललेला नाही. चौथ्या थांब्यावर बॉनेटवर कागद ठेवून हे लिहितो आहे. दाजी मागे जाऊन ठकीशेजारी बसले आहेत. जाताना, वाऱ्याने उडेल म्हणून, या कागदावर त्यांनी किल्ली ठेवली.

सोळाही नट पुन्हा एकदा तपासतो आणि निघतो. काकूला नमस्कार. तुमचा लोभ पक्का आहे, तो तसाच असू द्यावा.

तुमचा
बारीकराव