बेलरची गाठ

शनिवार, १८ नोव्हेंबर २००६

भाऊजींनी आज तो जुना बेलर घेतलाच. विंचूरहून त्याचा मालक आमच्या शेतावर चालवून दाखवायला आला होता. आमच्या छोट्या ट्रॅक्टरमागे जोडला आणि भाताचा पेंढा एकीकडून आत, दुसरीकडून चौकोनी गठ्ठे बाहेर. गाठसुद्धा बेलरच मारतो.

गाठसुद्धा! मग मी काय करायचं? या घरात आले तेव्हापासून पेंढ्या बांधते आहे. माझी पेंढी गाडीवरून पडली तरी सुटत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. धाकट्या जाऊला, सुनंदाला, ते कधी जमलं नाही. आणि आज तीच हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी. सौदा ठरायच्या आधीच! वर म्हणते, "ताई, आता हात सोलायचे नाय बघा." हात माझे सोलत होते. तिचे कुठे?

भाऊजी म्हणाले, "वहिनी, गाठी तुम्हीच तपासा. तुम्ही हो म्हणाल तरच घेतो." एकेक गठ्ठा ओढून पाहिला. जुनं यंत्र ते, एखादी गाठ सुटायला काय हरकत होती? नाही सुटली. तरी ढिली आहे म्हणून सांगणारच होते, तेवढ्यात सासूबाईंनी सुतळीला हिसका दिला. "लय घट्ट हाय. आपल्या लताच्या हातची गाठ हाय ही. घेऊन टाक."

इतक्या वर्षांत माझ्या गाठीला त्या कधी चांगली म्हणाल्या नव्हत्या. आज म्हणाल्या, आणि उद्यापासून ती गाठ मला मारायचीच नाही.