दाराशी उमटलेले हात

सोमवार, ९ फेब्रुवारी १९९८
मखमलाबाद रोड, नाशिक

आले बाई एकदाची सासरी! नामपूरहून गाडी निघाली तेव्हा रडून रडून डोळे सुजले होते, आणि इथं उतरले तर हसूच फुटलं. दार म्हणजे काय, नुसता थाट! चौकटीला शेवंती-झेंडूचं मनगटाएवढं जाड तोरण, उंबऱ्याला हळदीचे पट्टे, पायरीवर ठिपक्यांची रांगोळी. फुलं पिकवणाऱ्यांचं घर, मग दार उघडंबोडकं कसं ठेवतील? आमच्या माहेरच्या दारात कांद्याचा पाचोळाच जास्त.

दाराशेजारच्या पांढऱ्या भिंतीवर घरातल्या प्रत्येकाचे दोन्ही पंजे उमटवलेत, हळदी-कुंकवाचे. सासऱ्यांचे, म्हणजे खंडेराव आबांचे, चांगले परातीएवढे. सासूबाई लंकाबाईंचे. थोरल्या जाऊबाई चांगुणाताईंचे. आणि आमच्या ह्यांचे (दीपक! वहीत लिहिते, तोंडानं नाव घ्यायची नाही). माप ओलांडल्यावर मीही ह्यांच्याशेजारी पंजे दाबले. सासूबाई म्हणाल्या, जो घरात नांदतो तो दारात दिसतो, आमच्यात असंच हाय. मला तर फार आवडलं.

लाजबीज गुंडाळून पहिल्याच दिवशी विचारून घेतलं, पुढच्या महिन्यात माझी मराठी टायपिंगची परीक्षा आहे, बसू ना? आबा म्हणाले, बस की पोरी, त्यात काय. दोन वर्षं सकाळी साडेसहाला क्लासला गेलेय मी. कोर्टाजवळ टायपिस्ट म्हणून बसायचं, एवढंच एक मागणं आहे देवाजवळ.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

मशीन नाही म्हणून दाराच्या फळीवरच सराव करते. करंगळी, अनामिका, मधलं, तर्जनी. पहिला धडा. सासूबाई खेकसल्या, दारावर बोटं वाजवू नये. ह्यांनी हसत माझी बोटं हातात धरली आणि म्हणाले, लय गुणाची बोटं हायेत. मी अशी लाजले की पुढचा धडा विसरले.

एक गंमत दिसली. भिंतीवरच्या ताईंच्या उजव्या पंजाला करंगळीच नाही. सोमवारी होती, मी मोजून पाहिले होते सगळे. रंग उडाला म्हणावं तर पोपडा नाही, डाग नाही, जागा कोरी. ताई ओसरीवर गजरे ओवत होत्या, दहाच्या दहा बोटांनी. मी चेष्टेनं म्हटलं, ताई, तुमची करंगळी कुणी पळवली? त्यांनी हात पदराखाली घेतला आणि उठून गेल्या. थोरले भाऊजी वारल्यापासून एकट्या पडलेल्या बाईची मी उगाच थट्टा केली, असं वाटलं.

रविवार, १५ फेब्रुवारी

ताईंची करंगळी गेली. चारा कापायच्या कडबाकुट्टी यंत्रात.

मी म्हशींना पाणी दाखवत होते. मोटार चालू होती, मग कच्चकन आवाज आला आणि कुट्टीत लाल चिळकांडी उडाली. ताई ओरडल्या नाहीत. मीच बोंब मारली. म्हैस त्या लाल कुट्टीला तोंड लावायला निघाली, तिला मी ढकलून मागे सारलं.

पण मला झोंबलं ते वेगळंच. सासूबाई धावत आल्या नाहीत, चालत आल्या. त्यांच्या हातात हळद कुटून तयार होती. धडपा फाडून तयार होता.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

ताईंना खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलल्या. करंगळी त्यांनी स्वतःच घातली होती. भिंतीवर पंजाचं जे पुसतं, ते माणसानं देऊन टाकायचं. नाही दिलं तर चार दिवसांत पंजे सगळेच पुसतात, आणि मग माणूस. त्यांचे मालक सहादूभाऊ हसले होते. एका अंगठ्यासाठी कोण वेडा होतो, म्हणाले होते. ते दिंडोरीला कामावर असताना ट्रॅक्टर उलटला. ताई म्हणाल्या, गोणीत भरून आणले बाई, तोंड बी नाय दाखवलं.

मी म्हटलं, मग हे घर सोडा. त्या म्हणाल्या, सोडून कुठं जायचं? माणूस कुठंही जावो, पंजा इथंच राहतो.

मी काही येडी नाही असल्यावर विश्वास ठेवायला. तरी दिवसातून तीनदा माझे पंजे बघून येते.

शनिवार, २१ फेब्रुवारी

भिंतीवर माझ्या उजव्याची पाचही बोटं नाहीत. तळवाही अर्धा.

सगळ्यांनी पाहिलं. सासूबाईंनी आज माझ्या ताटात पुरण वाढलं. आबा अंगणात कोयत्याला धार लावताहेत, खर्र खर्र. हे माझा उजवा हात मांडीवर घेऊन रडले. म्हणाले, सोमवारी करू, मी धरून राहीन, तुला लागू देणार नाय. लागू देणार नाही म्हणे! मेल्या, माझा हात आहे तो!

रविवार, २२ फेब्रुवारी

केलं!

सगळे फुलं घेऊन बाजारात गेले, ताई दवाखान्यात. गोठ्यात चुना होता. भिजवला, कुंचा घेतला आणि अख्खी भिंत पांढरीफेक केली. दोन हात मारले, तिसराही मारला. आता पंजेच नाहीत, तर पुसणार काय आणि मागणार काय? परीक्षेला मी याच उजव्या हातानं बसणार.

संध्याकाळी

सासूबाईंनी दार पाहिलं आणि पायरीवरच बसल्या. मला वाटलं मारतील. त्या फक्त म्हणाल्या, अगं पोरी, सगळ्यांचेच पुसलेस गं.

तोवर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच आलं नव्हतं.

सोमवार, २३ फेब्रुवारी

आबा गेले. कडबाकुट्टीनं सदऱ्याची बाही ओढली, मग हात, मग खांदा. ताई मोटार बंद करायला धावल्या आणि पातं निसटलं. ताईंच्या गळ्यावर बसलं. मी जवळ गेले तेव्हा ताईंचे ओठ हलत होते, आवाज दुसरीकडूनच येत होता.

पोलीस आले. अपघात म्हणाले. नामपूरला फोन लावला. उद्या-परवा येतो म्हणाले.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

सासूबाई सकाळपासून उंबऱ्यात बसून भिंतीवर पंजे दाबत होत्या. हळद टिकत नाही. चुना पिऊन टाकतो. मी पण दाबले. पुन्हा पुन्हा. नाही—

चौकटीची गणेशपट्टी निखळली. सासूबाईंच्या डोक्यात. एकच आवाज.

रांगोळीत सगळं—

माझ्यामुळे. तीन माणसं. एका हातापायी.

बुधवार, २५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. वाडीतले सगळे त्र्यंबकला. कुणी नाही.

मी मधल्या घरात, आतून कडी. हे बाहेर आहेत. कोयता घेऊन. शिव्या नाही देत, विनवतात. म्हणतात, भिंतीनं आधी तुझा उजवा मागितला होता. तो दे, कदाचित थांबेल. मी एकटाच उरलोय गं.

खरंय. तेव्हाच दिला असता तर—

मला नाही द्यायचा. देवा, मला नाही—

पण हे रडताहेत.

कडी काढते.

शुक्रवार असेल

डाव्या हातानं लिहितेय. अक्षर पोरासोरासारखं.

दिला. उंबऱ्यावर ठेवला. दोन घाव लागले. पहिला नीट बसला नाही.

हे मागे सरले. माझ्याच रक्तावरून पाय घसरला. कोयता खाली. हे त्याच्यावर. माझ्याकडे बघत—

नाव घेतलं मी. मोठ्यानं. दीपक, दीपक.

हात शोधला. बांधून नेला तर जोडतात म्हणे. पायरीवर नाही. कुठंच नाही.

दुपारी

भिंतीवर एक पंजा उमटलाय. लाल. एकच.

मला वाटलं, डावा. माझा उरलेला. म्हणजे मी वाचले.

जवळ जाऊन पाहिलं. अंगठा डावीकडे. उजवा आहे.

म्हणजे या घरात नांदतो तो फक्त तो हात. मी नाही. मी भिंतीवर नाही—

दार लावून घेतलं. आडणा घातला.

नामपूरची माणसं आली वाटतं. टकटक—

नाही. खालून येतंय. उंबऱ्याजवळून.

करंगळी. अनामिका. मधलं. तर्जनी.

करंगळी. अनामिका. मधलं.

आडणा हलतो—