चार ठिपक्यांचा एक

८ जानेवारी
नोकरी लागली! या शहरात येऊन पुरता आठवडा झाला नाही, आणि खोलीपासून चार पावलांवर काम मिळालं. आई म्हणाली, आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. लगेच ताईला फोन लावून, शेजाऱ्यांनाही कळेल अशा आवाजात तिने सांगितलं की दहावी नापास असला तरी तुझा भाऊ साहेब झाला बघ, खुर्ची आहे त्याला, फिरणारी.

दुकान अरुंद आहे पण स्वच्छ. काम असं: लोक फुल एचडी व्हिडिओ काढतात, म्हणजे रुंदीला १९२० ठिपके आणि उंचीला १०८०. घरचा कॉम्प्युटर जुना, पडदा लहान. मग चित्र अडखळतं, आवाज पुढे पळतो आणि नवरा-बायको एकमेकांवर खेकसतात. आपण व्हिडिओ त्यांच्या पडद्याच्या मापाचा करून द्यायचा. मालक म्हणाले, हे शिंपीकामच आहे, फक्त चिंध्या उरत नाहीत. रुंदी-उंचीचं प्रमाण तेवढं सांभाळायचं, नाहीतर उंच नवरदेव बुटका होतो आणि सासरे भांडायला येतात.

११ जानेवारी
मालकांनी आज एक गोष्ट दोनदा बजावली. लहान व्हिडिओ नेहमी मूळ फाइलवरूनच करायचा. लहान केलेला पुन्हा लहान करायचा नाही, आणि मूळ कधी पुसायचं नाही. मी विचारलं, चार ठिपक्यांचा एक होतो तेव्हा उरलेले तीन जातात कुठे? मालक म्हणाले, पोरा, डोक्याला शॉट लावू नकोस, चहा पी.

चहा वरच्या मजल्यावरून मालकीणबाई टोपलीत ठेवून दोरीने सोडतात. त्या खाली येत नाहीत.

१४ जानेवारी
मालकांनी एक जुना कॉम्प्युटर घरी न्यायला दिला. ताई आम्हाला इथे सोडून परत निघाली तेव्हा तिने मोबाइलवर माझा आणि आईचा व्हिडिओ काढला होता. पायरीवर आम्ही गालाला गाल लावून बसलोय आणि आई हसता हसता रडतेय. तिला तो रोज पाहायचा असतो. या मशीनवर तो अडखळत होता, म्हणून १०२४ बाय ५७६ केला. मशीनमध्ये जागा नव्हती, मूळ पुसलं. मग आईच्या केसांच्या कडा मला खडबडीत वाटल्या. त्याच लहान फाइलवरून पुन्हा लहान केला. अजून समाधान होईना, अजून एकदा. शेवटी ३२० बाय १८०. मालकांचं बोलणं आठवत होतं. पण ते गिऱ्हाइकांसाठी, हे घरचं. आता लोण्यासारखा चालतो.

१७ जानेवारी
शेजारच्या मावशींनी आईला विचारलं, काय लावतेस गं चेहऱ्याला, आम्हालाही सांग की. खरंच कपाळावरच्या आठ्या गेल्यात. आई म्हणाली, मुलगा कमावता झाला, आठ्या घालू कशाला?

१९ जानेवारी
आईच्या हनुवटीवरचा तीळ नाही. तिला विचारलं तर म्हणाली, कुठला तीळ?

व्हिडिओ थांबवून पाहिला. तिथेही नाही. हनुवटी आणि तीळ एकाच ठिपक्यात मावलेत.

२१ जानेवारी
आईच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं जुळली आहेत. जखम नाही, शिवण नाही. डॉक्टरांनी अंगठ्याने चोळून पाहिलं आणि जन्मापासून असंच का, असं विचारलं. मी नाही म्हणणार तेवढ्यात आई हो म्हणाली. तिला खरंच तसं वाटतंय. ती हळूहळू त्या व्हिडिओच्या मापाची होत चालली आहे.

२२ जानेवारी
ताईला फोन केला. तिने मोबाइलमधला व्हिडिओ केव्हाच पुसलाय. म्हणाली, तुझ्याकडे आहे ना रे?

मालकांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. शटर ओढून मला वर घेऊन गेले. मालकीणबाई स्टुलावर बसल्या होत्या. चेहऱ्याच्या जागी पांढरट सपाटी. मालकांनी त्यांच्या गालावरून बोट फिरवून मला दाखवलं. बोटाला चुना लागला होता.

मालक म्हणाले, हिचाही व्हिडिओ असाच लहान झाला होता. घाबरून मी तो पुन्हा मोठा केला. पण गेलेलं काय होतं ते कॉम्प्युटरला कुठे ठाऊक? तो शेजारच्या ठिपक्यांना विचारतो आणि अंदाजाने भरतो. ही व्हिडिओत भिंतीशेजारी उभी होती.

मोठा करू नकोस म्हणाले. हात जोडले माझ्यापुढे.

२३ जानेवारी
आईचे डोळे आता दोन काळ्या रेघा. भर दुपारी लाइट गेली का म्हणून विचारते. मी समोर बसलेला असताना मला शोधते.

काल संध्याकाळपासून तोंडही आवळत चाललंय. पाणी चमच्याने. तेही सांडतं.

२४ जानेवारी
पाणी जात नाही. ओठांची फट बंद.

ती रडते आहे असं वाटतं. खांदे हलतात. आवाज नाही—

आमच्या व्हिडिओत भिंत नाही. तिच्या शेजारी मी आहे. गालाला गाल. कॉम्प्युटरला घ्यायचंच असेल तर माझ्याकडून घेऊ दे. मालक काहीही म्हणोत. आई भुकेली आहे.

१९२० बाय १०८० टाकलं. सुरू केलं.

२५ जानेवारी
झालं. आईचे डोळे उघडले. माझेच डोळे आहेत, डाव्या भुवईतली खोकसुद्धा. ओठ सुटे झाले. वर मिशीची लव. चालेल. काही का असेना. दोन घास खाल्ले तिने. हसली—

पाणी मागितलं. माझ्या आवाजात.

२६
वहीच्या ओळी पुसट. आठ्या नाहीत माझ्या कपाळावर, आरशात पाहिलं. आरसा पण धूसर की—

बोटं जुळली. पेन मुठीत.

आई हाका मारते आहे. खोलीभर शोधते मला. अगं इथेच, तुझ्यापुढे, चेहरा पुसट झाला तरी मीच. लांब नको जाऊस. रस्त्यावर शोधायला निघाली, चपला घातल्या—

ओ देतोय मी आई ओ देतोय पण तोंड उघ