वरचे दात आधी

आत्याबाई, तुमच्या पणतूला, माझ्या नातवाला, दात येताहेत. हिरड्या सुजल्यात, लाळेने झबलं भिजलेलं असतं, हाताला लागेल ते तोंडात जातं. मी ओलं फडकं फ्रीजमध्ये गार करून चावायला देते. आणि ऐका, वरचे दोन आधी आलेत, खालच्यांचा पत्ता नाही. सूनबाई घाबरली, मला मात्र मनातून गुदगुल्या झाल्या.

माझ्या लेकाचेही असेच आले होते. माझा एकुलता भाऊ आळेफाट्याला एसटीतून उतरून बोरीपर्यंत चालत आला होता, भाच्याला चघळायला खारका घेऊन. तुम्ही सासूच्या तोऱ्यात त्याला अंगणातच अडवलंत. "वरचं दात पहिलं आलंत. मामाला जड जात्यात. पोराचं तोंड बघू नको, अन् खालचं येईपर्यंत इकडं फिरकूबी नको." पाणीसुद्धा विचारलं नाहीत. मी दाराआड होते, लेकरू रडत माझा खांदा चावत होतं. तो खारका ओट्यावर ठेवून वळला, त्या तुम्ही म्हशीपुढे टाकल्यात. तुम्ही होतात तोवर त्याने पुन्हा या घरात पाऊल टाकलं नाही. अजून धडधाकट आहे तो, तुमच्या नाकावर टिच्चून.

म्हणून रविवारी मी सूनबाईच्या भावाला पेठ गावाहून मुद्दाम बोलावून घेतलं. तुमच्या फोटोसमोर खुर्ची मांडली आणि रडणारं बाळ त्याच्या मांडीवर दिलं. तो पोरगा बिचकला. "मावशी, आई म्हणती खालचं दात आल्याबिगर बघू नको."

"तुझ्या आईला माझं नाव सांग. बोट घाल त्याच्या तोंडात, नीट बघ."

बाळाने त्याचं बोट असं करकचून धरलं की रडणंच विसरलं. "लई जोरात चावतंय राव!" म्हणत तो हसला. मी तुमच्याकडे बघत होते. इतकी वर्षं साठवलेलं सगळं त्या हसण्यात वसूल झालं. त्याला पुरणपोळी वाढली, वर तूप सोडलं, पोट भरल्यावरही आग्रह केला.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच पुढचं लिहिते. तो मोटारसायकलवर निघाला. हायवेला ट्रकांची वर्दळ किती असते, तुम्हाला ठाऊक नाही. सूनबाई भांडी आवरत होती, तिला काही न सांगता मी मागच्या अंगणात जाऊन त्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. "पोचलो मावशी," असं तो म्हणेपर्यंत बाळाला छातीशी आवळून मी तिथंच उभी होते.